‘शक्यता नाकारता येत नाही’: तज्ज्ञांच्या विश्लेषणाची आठ महिन्यांची वर्गणी

सेवेचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, पण त्या या एकाच सेवेच्या नाहीत. आधी आणखी दोन ठिकाणी महिनाभर फुकटात वाचून पाहिलं होतं, तिथेही कमी-अधिक हेच. माल असा: आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि परराष्ट्र धोरणावर रोज सकाळी ईमेलने टिपण, आठवड्याला एक दीर्घ लेख, दोन पॉडकास्ट, आणि जगात कुठे काही पेटलं की तासाभरात ‘तातडीचं विश्लेषण’. लिहिणारे निवृत्त राजदूत, माजी लष्करी अधिकारी, थिंक टँकमधले अभ्यासक.

पहिला आठवडा भारावून गेले. दुसऱ्या आठवड्यात वही घातली. तीन रकाने आखले: कोण काय म्हणालं, कधीपर्यंत होईल म्हणालं, आणि झालं का. मधला रकाना रिकामाच राहायला लागला. ‘नजीकच्या काळात’, ‘येत्या काही महिन्यांत’, फार तर ‘दीर्घकालीन विचार करता’. आणि सगळ्यांचं लाडकं वाक्य, ‘तणाव वाढण्याची शक्यता नाकारता येत नाही’. अहो, कशाची येते? तणाव वाढला तर हे बरोबर, नाही वाढला तरी चूक नाही. तिसऱ्या रकान्यात मी आधी बरोबर-चूक लिहायचे, नंतर नुसती प्रश्नचिन्हं उरली.

हे दुखणं जुनंच आहे. 1951 साली अमेरिकी गुप्तचरांच्या एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असं छापलं गेलं. सीआयएचे विश्लेषक शर्मन केंट यांनी अहवाल तयार करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, म्हणजे किती टक्के? उत्तरं आली 20 पासून 80 पर्यंत. एका वाक्याखाली सगळ्यांनी मान डोलावली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं जग होतं. पुढे मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी 284 तज्ज्ञांची 80 हजारांवर भाकितं सुमारे दोन दशकं जपून तपासली. सरासरी तज्ज्ञाचा अंदाज नाणेफेकीच्या फारसा पुढे गेला नाही, आणि माध्यमांत ज्यांना जास्त मागणी त्यांची कामगिरी उलट खालावलेली. हे वाचल्यावर माझी वही मला जरा कमी खत्रूड वाटायला लागली.

तरीही पैसे वाया गेले असं म्हणवत नाही, आणि त्याला कारण आठवड्याचा दीर्घ लेख.

तिसऱ्या महिन्यात एका माजी नौदल अधिकाऱ्याने 1936 च्या माँत्रो करारावर लिहिलं. काळ्या समुद्रात शिरायचा दरवाजा तुर्कस्तानच्या हातात आहे एवढं ऐकून होते. त्याने कलम 19 समोर ठेवलं: तुर्कस्तान स्वतः युद्धात नसेल तेव्हा लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना सामुद्रधुनीतून जाता येत नाही. मुख्य अपवाद आपल्या मूळ तळावर परतणाऱ्या जहाजाचा. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर तुर्कस्तानने फेब्रुवारी 2022 च्या शेवटी हे कलम लागू केलं. एप्रिलमध्ये रशियाची युद्धनौका ‘मोस्क्वा’ बुडाली, तेव्हा तिच्या तोडीची जहाजं रशियाकडे दुसऱ्या ताफ्यांत होती, पण ती काळ्या समुद्रात आणायची वाटच बंद होती. त्या अख्ख्या लेखात भाकीत एकही नव्हतं. वहीत नोंदवण्यासारखं काहीच नाही. पण त्यानंतर त्या भागातली बातमी मी स्वतःची स्वतः वाचू लागले.

नाटोच्या कलम 5 चंही तसंच. एकावर हल्ला म्हणजे सगळे युद्धात, हे आपण इतक्यांदा ऐकतो की कुणी मूळ मसुदा उघडत नाही. त्यात लिहिलंय की प्रत्येक सदस्य त्याला आवश्यक वाटेल ती कृती करेल, सशस्त्र बळाचा वापर त्यातच धरून. ‘आवश्यक वाटेल ती’ या शब्दांवर लेखिकेने दोन पानं खर्ची घातली, आणि घालायलाच हवी होती. हे कलम आजवर एकदाच वापरलं गेलं, सप्टेंबर 2001 मध्ये, तेही अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर. हे संरक्षण कुठल्या प्रदेशाला लागू ते सांगणाऱ्या, लागून असलेल्या कलम 6 च्या भूगोलात अमेरिकेची हवाई बेटं बसतच नाहीत, हे मला तिथेच कळलं. तेव्हापासून दोघातिघांना ऐकवून झालंय.

नकाशेही झकास. होर्मुझच्या सामुद्रधुनीची रुंदी सर्वांत अरुंद जागी सुमारे 33 किलोमीटर, हा आकडा कुठेही मिळतो. पण जहाजांच्या येण्याची आणि जाण्याची पट्टी प्रत्येकी जेमतेम तीन किलोमीटरची, हे नकाशावर बोट ठेवून पाहिलं तेव्हा ‘चिंचोळी’ म्हणजे काय ते समजलं.

आता ‘तातडीचं विश्लेषण’. भीक नको पण कुत्रं आवर. रात्री दोनला फोन वाजतो, उघडावं तर बातमीतलीच चार वाक्यं आणि खाली ‘परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत’. सेटिंगमध्ये बंद करूनही अॅप अपडेट झालं की पुन्हा चालू. पॉडकास्टची पहिली आठ मिनिटं हसण्याखिदळण्यात जातात, तेवढी पुढे ढकलायची.

जुने लेख मात्र उघडे आहेत, आणि मी उचापत म्हणून फेब्रुवारी 2022 चे काढले. काहींनी रशिया हल्ला करणारच नाही असं लिहिलेलं, काहींनी कीव्ह काही दिवसांत पडेल असं. चुकले याचा राग नाही, मलाही तसंच वाटत होतं. पण त्या लेखांखाली पुढे एक ओळसुद्धा जोडलेली नाही. एकटीच अपवाद, कलम 5 वालीच: तिने वर्षअखेर सविस्तर लिहिलं की मी रणगाडे मोजले, त्यांचं इंधन आणि सुटे भाग मोजले नाहीत.

आणखी एक खटकतं. नावाखाली ‘माजी अमुक’ असतं, ‘सध्या कुणाचा सल्लागार’ हे नसतं. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा घ्यावी की नाही यावर कुणी हिरिरीने लिहीत असेल तर ते मला आधी कळायला हवं. विचारणा केली. उत्तर आलं, सूचनेची नोंद घेतली आहे.

गेल्या आठवड्यात वर्गणी कमी केली. दीर्घ लेख आणि जुना संग्रह ठेवला, बाकीचं सोडलं. शेवटच्या पानावर त्यांनी विचारलं: येत्या 12 महिन्यांत पूर्ण वर्गणी पुन्हा घेण्याची तुमची शक्यता 0 ते 10 मध्ये किती? मुदतही होती, आकडाही होता. आठ महिन्यांत त्यांच्याकडून इतकं नेमकं वाक्य पहिल्यांदाच आलं. मी 3 वर टिचकी मारली आणि वहीत तारखेसकट उतरवून ठेवलं.