मोटरसायकलची बदली बॅटरी : काही महिन्यांच्या वापरानंतर

मोटरसायकलची मूळ बॅटरी सेल्फ ओढेनाशी झाल्यावर मी तिच्या जागी त्याच मापाची, १२ व्होल्ट आणि ८ अँपिअर-तास क्षमतेची, एजीएम (काचतंतूंच्या चटयांत ॲसिड शोषून ठेवणाऱ्या) प्रकारची सीलबंद बॅटरी बसवली. कडक उन्हाळा आणि थंडी असे दोन्ही ऋतू तिने पाहिले आहेत, रोजच्या छोट्या फेऱ्या केल्या आहेत आणि मधल्या काळात गाडी काही आठवडे उभीही राहिली आहे. बॅटरीबद्दल मी समाधानी आहे. मात्र या काळात नियमितपणे घेतलेल्या व्होल्टेजच्या नोंदी पाहता माझे ठाम मत झाले आहे, की मोटरसायकलच्या बॅटरीचे आयुष्य तिच्यावरच्या नावापेक्षा ती पूर्ण चार्ज अवस्थेत किती काळ राहते यावर अधिक ठरते. म्हणून या अनुभवात निवडीइतकाच भर देखभालीवर आहे.

नवीन बॅटरी घेण्याआधी जुनी खरोखरच संपली आहे का, हे तपासणे आवश्यक असते, कारण सेल्फ न लागण्यामागे सैल टर्मिनल, गंजलेली अर्थची वायर, बिघडलेला रिले (सेल्फला वीज जोडणारा स्विच) किंवा चार्जिंगमधला दोष यांपैकी काहीही असू शकते. साधा मल्टिमीटर यासाठी पुरतो. माझी जुनी बॅटरी रात्रभर चार्ज करून काही तास तशीच ठेवल्यावर १२.५ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे वरवर पाहता ठीकच होती. पण सेल्फचे बटन दाबताच आकडा ९ व्होल्टच्या खाली घसरत होता. पूर्ण चार्ज केलेली निरोगी बॅटरी सेल्फच्या ओझ्याखाली साधारण १० व्होल्टच्या आसपास किंवा त्याच्या वर टिकायला हवी. त्यानंतर इंजिन चालू करून, ते मिनिटाला सुमारे ५००० फेऱ्यांवर (आरपीएम) असताना बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजले, ते १४.२ भरले. हा आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग व्यवस्थित आहे असे समजावे. तो १३ च्या खाली रेंगाळत असेल किंवा १५ च्या वर जात असेल, तर दोष स्टेटर (इंजिनमधले वीज निर्माण करणारे वेटोळे), रेग्युलेटर-रेक्टिफायर (ती वीज बॅटरीला योग्य अशी करणारा भाग) किंवा त्यांच्या जोडण्यांमध्ये शोधावा लागतो, आणि तो दूर न करता बसवलेली नवी बॅटरीही लवकरच जुनीच्या वाटेने जाते.

निवडीत पहिली अट मापाची आहे. मोटरसायकलमध्ये बॅटरीचा कप्पा मोजून-मापून केलेला असतो आणि वायरी आखूड असतात, त्यामुळे लांबी, रुंदी, उंची यांबरोबरच धन टोक कोणत्या बाजूला आहे हेही जुळावे लागते. वायटीएक्स९-बीएस यांसारखा कोड नेमका यासाठीच असतो. या कोडची बॅटरी कोणत्याही उत्पादकाची असली तरी १५० गुणिले ८७ गुणिले १०५ मिलिमीटर याच मापाच्या जवळपास असते. क्षमता थोडी वाढवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. कप्प्यात बसत असेल तर त्यात धोका नाही, पण फायदाही मर्यादितच, कारण मोठी बॅटरी भरायला गाडीतून तितकाच जास्त चार्ज मिळावा लागतो. थंड हवेत राहणाऱ्यांनी मात्र अँपिअर-तासांबरोबर सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) हा आकडाही पाहावा. उणे १८ अंशांवर बॅटरी किती प्रवाह देऊ शकते, हे तो सांगतो.

प्रकारांपैकी पाणी घालावी लागणारी साधी लेड-ॲसिड बॅटरी मी बाजूला ठेवली, कारण गाडी तिरपी झाल्यास ॲसिड सांडण्याची शक्यता असते आणि तिची वाफ बाहेर नेणारी नळी नीट लावलेली नसेल तर चेसिसचा रंग खरवडून निघतो. एजीएममध्ये ॲसिड काचतंतूंच्या चटयांमध्ये शोषलेले असते. त्यामुळे ते सांडत नाही, प्लेटी घट्ट दाबलेल्या राहून धक्के चांगले सोसतात आणि बॅटरी स्वतःहून उतरण्याचा वेगही कमी असतो. लिथियमचा विचार मी सर्वांत जास्त वेळ केला. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाने लेड-ॲसिडच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरते आणि सेल्फ जोरात फिरवते, हे खरे आहे. परंतु तिच्या खोक्यावर छापलेले अँपिअर-तास अनेकदा लेड-समतुल्य असतात, म्हणजे सेल्फ फिरवण्याच्या ताकदीवरून काढलेले असतात. तिच्यात साठणारी प्रत्यक्ष वीज पुष्कळदा त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. गाडीत अलार्म किंवा ट्रॅकर असेल तर हा फरक थेट जाणवतो. शिवाय चार्जिंगचे व्होल्टेज १४.६ च्या वर जाऊ देणारा जुना रेग्युलेटर तिला मानवत नाही, कडाक्याच्या थंडीत ती पहिल्या प्रयत्नाला सुस्त राहते, आणि चार्जरमध्ये डिसल्फेशनची (लेड-ॲसिडच्या प्लेटींवरचे सल्फेटचे स्फटिक विरघळवण्याची) सोय असेल, तर ती चालू ठेवून तो तिला लावता येत नाही. मीटरवरचे आकडेही वेगळ्या नजरेने वाचावे लागतात : एजीएममध्ये १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, तर लिथियममध्ये तोच आकडा ती जवळजवळ रिकामी झाल्याचे सांगतो. वजन कमी करणे हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे आणि ज्यांच्या गाडीचे चार्जिंग नेमके आहे, त्यांना लिथियम शोभेल. माझ्या रोजच्या वापराला एजीएम अधिक योग्य वाटली.

खरेदी करताना उत्पादनाची तारीख आणि विश्रांतीतले व्होल्टेज या दोन गोष्टी पाहाव्यात. कारखान्यात ॲसिड भरून सीलबंद केलेली बॅटरी १२.५ च्या खाली गेलेली असेल, तर ती फळीवर बराच काळ पडून होती असे समजून दुसरी मागावी. माझी बॅटरी ॲसिडच्या वेगळ्या बाटल्यांसह आली. अशा बॅटरीत सोबत दिलेले सगळे ॲसिड भरायचे, बुडबुडे शांत होऊन ते चटयांत मुरेपर्यंत निदान अर्धा तास थांबायचे, मग पहिला पूर्ण चार्ज द्यायचा आणि शेवटी झाकणपट्टी कायमची दाबून बसवायची, असा क्रम आहे. डोळ्यांना गॉगल आणि हातांना रबरी मोजे हवेतच. घाईच्या वेळी पहिल्या चार्जची पायरी गाळली जाते, आणि बॅटरीचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते, कारण ॲसिड भरल्याबरोबर ती पूर्ण चार्ज झालेली नसते आणि अर्धवट अवस्थेत सुरुवात केलेली बॅटरी पुढे पूर्ण क्षमता गाठत नाही. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या एक दशांश, म्हणजे ८ अँपिअर-तासांसाठी ०.८ अँपिअरच्या आसपास ठेवावा. कारचा जाड प्रवाह देणारा चार्जर या बॅटरीसाठी वापरू नये.

बसवण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. काढताना आधी ऋण टोक, लावताना आधी धन टोक, हा नियम पाळला की पाना चेसिसला टेकून ठिणगी उडण्याचा प्रश्न येत नाही. टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा आणि बॅटरीचा रबरी पट्टा घट्ट आहे याची खात्री करावी, कारण हादरे हे प्लेटींचे शत्रू आहेत.

आता मुख्य मुद्दा, प्रत्यक्ष वापराचा. एका स्टार्टला सेल्फ ८० अँपिअर प्रवाह ३ सेकंद ओढतो असे धरले, तर खर्च होतो २४० अँपिअर-सेकंद, म्हणजे ०.०७ अँपिअर-तासांहूनही थोडा कमी. गाडी चालताना बॅटरीत १ अँपिअर जरी शिल्लक जात असेल, तरी कागदावर हा खर्च चार मिनिटांत भरून निघतो. प्रत्यक्षात माझ्या नोंदी निराळे सांगतात. सलग काही दिवस फक्त जवळच्या फेऱ्या झाल्या की सकाळी, गाडी सुरू करण्याआधीचे व्होल्टेज १२.५ पर्यंत उतरलेले असते. दोन-तीन तासांचा सलग प्रवास झाला की दुसऱ्या दिवशी ते १२.८ मिळते; आणि चार्जर रात्रभर लावल्यावर १२.९. कारण असे, की सिग्नलला इंजिन संथ चालत असताना हेडलाइट, इग्निशन आणि पेट्रोलचा पंप यांची गरज भागवून बॅटरीसाठी फारसे काही उरत नाही. त्यातही लेड-ॲसिड बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा अतिशय सावकाश घेते. कितीही चांगले चार्जिंग असले तरी त्याला काही तास लागतात. छोट्या फेऱ्यांमध्ये ते तास कधीच मिळत नाहीत. बॅटरी कायम थोडी अपुरी राहते, प्लेटींवरचे लेड सल्फेटचे बारीक स्फटिक हळूहळू मोठे आणि कठीण होत जातात, आणि एकदा ते कठीण झाले की साध्या चार्जिंगने विरघळत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात, आणि वापरातल्या बहुतेक मोटरसायकल बॅटरी याच कारणाने अकाली जातात.

म्हणून मी महिन्यातून एकदा, आणि व्होल्टेज १२.५ च्या खाली दिसले तर लगेच, स्मार्ट चार्जर (बॅटरी भरली की प्रवाह आपोआप कमी करणारा) लावतो. व्होल्टेज मोजण्याआधी गाडी काही तास बंद असली पाहिजे, नाहीतर प्लेटींवरचा वरवरचा चार्ज फसवा, वाढीव आकडा दाखवतो. १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश आणि १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी बॅटरी, हे ढोबळ माप लक्षात ठेवले की मीटर पुष्कळ काही सांगतो.

गाडी उभी असतानाची गळती हा दुसरा मुद्दा आहे, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. इग्निशन बंद करून, ऋण वायर सोडवून ती वायर आणि ऋण टोक यांच्यामध्ये अँपिअर मोजणारा मीटर जोडला, की बंद गाडी किती वीज पिते ते कळते. सुरुवात मीटरच्या १० अँपिअरच्या जोडणीने करावी आणि मीटर लावलेला असताना इग्निशन किंवा सेल्फला हात लावू नये. माझ्या गाडीत हा आकडा १२ मिलिअँपिअर निघाला. किरकोळ वाटणारी ही गळती दिवसाला जवळजवळ ०.२९ अँपिअर-तास खाते, म्हणजे दोन आठवड्यांत ८ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी करते. मोबाइल चार्ज करण्याचे सॉकेट थेट बॅटरीवर जोडलेले होते, त्याच्या आतले सर्किट सतत जागे असायचे. ते इग्निशनमधून जाणाऱ्या वायरीवर घेतल्यानंतर गळती २ मिलिअँपिअरच्या आत आली. घड्याळ आणि ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक) यांना एवढे लागतेच, आणि महिन्याला दीड अँपिअर-तासांपेक्षा कमी असलेली ही गळती सहज सोसता येते. गाडी काही आठवडे उभी राहिली ती या बदलानंतर, आणि परत आल्यावर सेल्फ पहिल्याच दाबात लागला.

उन्हाळ्याने थंडीपेक्षा अधिक काळजी वाटायला लावली. तापमान दर १० अंशांनी वाढले की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो आणि आतली झीजही वाढते, त्यामुळे गाडी सावलीत लावण्याला खरोखर अर्थ आहे. थंडीत सेल्फ थोडा जड फिरला, पण बॅटरी भरलेली असल्याने अडले नाही. गोठणाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की भरलेल्या बॅटरीतले ॲसिड उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून खोके फोडू शकते.

तक्रारी दोनच आहेत. टर्मिनलच्या खोबणीतला चौकोनी नट बोल्ट सोडताच आत घसरतो आणि अरुंद कप्प्यात तो पुन्हा धरायला फार वेळ जातो. नटाखाली स्पंजचा छोटा तुकडा ठेवल्यावर तो जागेवर राहू लागला. दुसरी तक्रार सीलबंद रचनेची आहे : आतल्या ॲसिडची घनता मोजण्याची सोय नाही, त्यामुळे एखादा सेल कमकुवत होत असेल तर ते फक्त सेल्फच्या ओझ्याखालचे व्होल्टेज पाहूनच ओळखावे लागते. सध्या ते १०.६ च्या खाली उतरत नाही. ज्यांच्या गाडीत सतत जागा राहणारा ट्रॅकर आहे आणि गाडी पुष्कळ दिवस उभी असते, त्यांनी मात्र ही किंवा कोणतीही बॅटरी घेतानाच चार्जरची कायमची वायर टर्मिनलला जोडून घ्यावी. बसवतानाच ते काम सर्वांत सोपे असते.