थिंकपॅड एक्स२२० की ११ इंची मॅकबुक एअर?

लेनोवोचा थिंकपॅड एक्स२२० आणि ॲपलचा ११ इंची मॅकबुक एअर हे दोन्ही २०११ सालचे लॅपटॉप असून दोघांच्याही पडद्यावर १३६६ बाय ७६८ इतकेच पिक्सेल आहेत. वजनात एअर निःसंशय सरस आहे, १.०८ किलोचा हा लॅपटॉप मिटला की वहीसारखा पिशवीत सरकतो. मात्र त्याची २ किंवा ४ जीबी रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असल्याने ती वाढवता येत नाही, आणि मॅकओएस या ॲपलच्या कार्यप्रणालीचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा) अधिकृत प्रवासही हाय सिएरा या जुन्या आवृत्तीपाशीच थांबतो.

एक्स२२० जाड आहे, पण तळाचे स्क्रू काढून झाकण उचलले की रॅमचे दोन्ही स्लॉट समोर दिसतात, १६ जीबीपर्यंत रॅम चालते, जुनी हार्डडिस्क काढून तिच्या जागी एसएसडी ही अधिक वेगवान डिस्क घरच्या घरी बसवता येते आणि बॅटरी तर हातानेच निघते. शिवाय बटणांच्या सात ओळींचा, खोलवर दाबला जाणारा तो कीबोर्ड! पुढच्याच एक्स२३० मध्ये तो गेला, याची मला आजही मनापासून हळहळ वाटते.

जड संकेतस्थळांपुढे दोघेही धापा टाकतात. परंतु लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घालून रोज लेखन, ईमेल आणि हिशेब करायचे असतील, तर मी एक्स२२०च घेईन. एअर केवळ सतत प्रवास करणाऱ्याने घ्यावा.