मुलीच्या उंचीवरून दिसलेली क्रांती : 'पर्सेपोलिस'

इराणमध्ये १९७९ साली शहाची, म्हणजे तिथल्या राजाची, राजवट कोसळली आणि पाठोपाठ इस्लामी प्रजासत्ताक आले. ही उलथापालथ नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून जितक्या प्रामाणिकपणे 'पर्सेपोलिस' (२००७) हा फ्रेंच ॲनिमेशनपट दाखवतो, तितकी मी अन्यत्र पाहिलेली नाही. मार्जान सत्रापी यांनी स्वतःच्या बालपणावर आधी चित्रकादंबरी केली आणि पुढे व्हँसाँ पारोनो यांच्यासह तिचा चित्रपट दिग्दर्शित केला.

चित्रपट जवळजवळ पूर्ण कृष्णधवल आहे. रंग येतात ते प्रामुख्याने पॅरिसच्या विमानतळावरील वर्तमानकाळात. मोर्चातील माणसे आणि त्यांच्यासमोरचे सैनिक केवळ काळ्या छायाकृती आहेत, आणि तपशील असा गाळल्यामुळेच ते तेहरान परके वाटत नाही. शहाविरुद्धच्या घोषणा देत घरभर फिरणारी मार्जान रात्री अंथरुणात देवाशी बोलते. राजकीय कैदी राहिलेला अनूशकाका तिला तुरुंगात पावापासून घडवलेला हंस देतो, आणि ज्या क्रांतीची त्याने वाट पाहिली तिच्याच राजवटीत त्याला मृत्युदंड होतो. या प्रसंगानंतर ती देवाला हाकलून देते. एवढ्या लहान वयातला तो संताप कोणत्याही भाषणाशिवाय आपल्यापर्यंत पोहोचतो.

चौदाव्या वर्षी तिला व्हिएन्नाला पाठवले जाते. तेथील भाग मात्र तुटक वाटतो. माणसे येतात आणि ओळख होण्याआधीच निघून जातात.

सांगलीत मित्रमंडळींसोबत हा चित्रपट पाहिल्यावर चर्चा साहजिकच १९४२ नंतर याच भागात ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारकडे वळली. क्रांतिसिंह नाना पाटील आणि प्रतिसरकारचे दल असलेली तुफान सेना यांच्या पराक्रमाच्या कथा आपल्याकडे आवडीने सांगितल्या जातात, पण कुंडल-वाळव्याच्या घरांतील मुलांनी त्या काळात काय पाहिले, रात्री दारावर थाप पडल्यावर त्यांना काय वाटले, हे कोणी चित्रांतून मांडायला हवे. त्यासाठी प्रचंड खर्चाचे तंत्र लागतेच असे नाही, हे या हाताने रेखाटलेल्या चित्रपटावरून दिसते.

इंग्रजी आवाजांतील आवृत्तीही उपलब्ध आहे. तरीही मूळ फ्रेंच आवृत्ती उपशीर्षकांसह पाहावी. तीत आईचा आवाज कॅथरिन दनव्ह यांचा आणि मोठ्या मार्जानचा आवाज त्यांची कन्या कियारा मास्त्रोयानी यांचा आहे, तर दानिएल दारिये यांच्या आवाजातली आजी केवळ अविस्मरणीय आहे. छळ आणि मृत्यू यांचे उल्लेख असल्यामुळे हा चित्रपट अगदी लहान मुलांसाठी नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना तो पालकांनी सोबत बसून दाखवावा आणि त्यांच्या प्रश्नांसाठी नंतर वेळ राखून ठेवावा.