झोनवाली हार्ड डिस्क आणि ब्लकझोन: आठ महिने वापरून झाल्यावर

सुरुवातीलाच सांगतो, पीसीला जोडून गेम आणि फोटो भरायला मोठी डिस्क हवी असेल तर इथूनच परत फिरा, ही वस्तू त्यासाठी नाहीच. मी घेतली ती १४ टीबीची होस्ट-मॅनेज्ड एसएमआर ड्राइव्ह (कुठे लिहायचं ते होस्ट म्हणजे कॉम्प्युटरने सांभाळायचं), वापरलेली. मॉडेल नंबर बघून मला कळलं होतं काय आहे ते, पण विकणाऱ्याच्या पानावर नुसतं 'एंटरप्राइज हार्ड डिस्क' लिहिलेलं, आणि खाली निम्मे लोक 'फॉरमॅटच होत नाही, डेड आली' म्हणून एक तारा देऊन मोकळे झालेले. डेड नाहीये हो ती, फक्त तिच्याशी बोलायची पद्धत वेगळी आहे.

थोडक्यात भानगड अशी की एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात, छपरावरच्या कौलांसारखे. वाचणारं हेड अरुंद असतं त्यामुळे त्याला उघडी राहिलेली पट्टी पुरते, पण लिहिणारं हेड रुंद, म्हणून मधलंच एक कौल बदलायला गेलात की शेजारचं खराब. म्हणून डिस्कचे झोन पाडतात, साधारण २५६ एमआयबीचा एकेक, आणि झोनमध्ये लिहायचं ते पहिल्यापासून ओळीने. कुठपर्यंत लिहून झालंय ते राइट पॉइंटर सांगतो. मधलं काही खोडायचं नाही, खोडायचंच तर सगळा झोन रिसेट. ड्राइव्ह-मॅनेज्ड प्रकारात ही सगळी कसरत डिस्क आतल्या आत करते आणि तुम्हाला काही कळू देत नाही, २०२० मध्ये नासच्या (नेटवर्कवरच्या स्टोरेजच्या) डिस्कमध्ये न सांगता हा प्रकार घातल्याचं बाहेर आलं तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली ते आठवत असेलच. होस्ट-अवेअर हा दोन्हींच्या मधला प्रकार. होस्ट-मॅनेज्डमध्ये मात्र डिस्क हात वर करते, चुकीच्या जागी लिहिलंत तर सरळ एरर. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

जोडणीत पहिला दिवस गेला. माझ्या यूएसबी केसमध्ये ती दिसलीच नाही, कारण ही डिस्क स्वतःची ओळखच साधी डिस्क म्हणून देत नाही आणि त्या केसमधल्या चिपला तिचं काय करायचं ते माहीत नाही. मदरबोर्डच्या साध्या साटा पोर्टवर लिनक्सने मात्र लगेच उचलली. डिस्कची यादी देणारी एलएसस्कझी कमांड चालवली की प्रकाराच्या रकान्यात 'डिस्क'च्या जागी 'झेडबीसी' (झोनवाल्या डिस्कची खूण) येतं, आणि तशीच दुसरी कमांड एलएसबीएलके, तिला डॅश झेड दिलं की 'होस्ट-मॅनेज्ड'. कर्नलमध्ये झोनचा सपोर्ट ४.१० पासून आहे, म्हणजे २०१७ पासून, त्यामुळे नवीन काही घालावं लागत नाही. पार्टिशन पाडायला मात्र जाऊ नका, अख्खी डिस्क एकसंध वापरायची.

आता मुख्य हत्यार, ब्लकझोन, म्हणजे झोन बघायची आणि रिसेट करायची कमांड. युटिल-लिनक्स या लिनक्सच्या मूळ टूल्सच्या संचातच येतं म्हणजे बहुतेक मशीनवर आधीच पडलेलं असतं. 'रिपोर्ट' दिलं की प्रत्येक झोनची एक ओळ छापतं: सुरुवात, लांबी, राइट पॉइंटर, अवस्था, प्रकार. माझ्या डिस्कवर ५२,१५६ झोन आहेत, म्हणजे तेवढ्या ओळी भस्सकन अंगावर येतात, आणि सगळे आकडे हेक्समध्ये आणि ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये. पहिल्या आठवड्यात नुसता वैताग आला होता, नंतर डोळ्याला सवय होते, ०एक्स८०००० दिसलं की आपोआप २५६ एमआयबी वाचलं जातं. अवस्थेची दोन अक्षरं लक्षात ठेवा, 'ईएम' रिकामा, 'एफयू' भरलेला, 'ओआय' म्हणजे लिहिता लिहिता आपोआप उघडलेला, 'एनडब्ल्यू' म्हणजे राइट पॉइंटर नसलेला साधा झोन. हे शेवटचे माझ्याकडे ५२४ आहेत, अगदी सुरुवातीला, साधारण एक टक्का जागा, तिथे नेहमीसारखं कुठेही लिहा. ग्रेप (ओळी शोधायची कमांड) लावून 'एफयू' मोजले की किती झोन गच्च भरलेत ते कळतं, यासाठी कुठलंही सुंदर ग्राफिकल टूल मला लागलं नाही.

पण याच ब्लकझोनने माझं नाक कापलं. मला एकच झोन रिसेट करायचा होता, ६०० नंबरचा. ६०० गुणिले ५२४२८८ करून ३१४५७२८०० ऑफसेट काढला, दोनदा तपासला, डॅश ओ लावून दिला, एंटर. क्षणात प्रॉम्प्ट परत. झोनचा आकडा डॅश सी लावून सांगावा लागतो हे राहूनच गेलं, आणि तो नाही सांगितला तर हे टूल त्या ऑफसेटपासून डिस्कच्या टोकापर्यंत सगळं रिसेट करतं. मॅन पेजमध्ये लिहिलंय हो, डिफॉल्ट म्हणजे उरलेले सगळे. मी ते वाचलं कधी, तर नंतर, बैल गेला अन् झोपा केला. आणि झोन रिसेटमध्ये डेटा हळूहळू पुसला वगैरे जात नाही, पॉइंटर मागे येतो आणि पॉइंटरच्या पुढचं काही डिस्क तुम्हाला देत नाही, म्हणजे रिकव्हरीवाल्या टूलने ओरबाडून काढू ही आशा पण सोडा. नशीब की दुसरी कॉपी होती. डिस्क माउंट असेल तर डॅश एफ दिल्याशिवाय ब्लकझोन हात लावत नाही, तेवढी शिस्त आहे त्याला, पण माझी माउंट नव्हती, आणि 'खरंच का?' असं तो एकदाही विचारत नाही. एक तारा इथेच कापला.

सराव करायचा असेल तर खऱ्या डिस्कवर करूच नका. नल-बीएलके नावाचं कर्नल मोड्यूल झोन्ड असा पर्याय देऊन चढवलं की खोटं झोनवालं डिव्हाइस उभं राहतं, त्यावर खुशाल रिसेट, फिनिश, ओपन, क्लोज सगळं करून बघा. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर वरचा परिच्छेद लिहावा लागला नसता.

बाकी टूल्सबद्दल फार बोलत नाही. लिबझेडबीसीमधलं झेडबीसी-इन्फो एकदा चालवून डिस्कची माहिती बघायला बरं आहे, एसजी३-युटिल्समधली टूल्स थेट स्कझी कमांड पाठवतात त्यामुळे कर्नलच्या पाठीमागून काम होतं, डिस्क कशी वागते हे तपासणाऱ्यांसाठी ठीक, रोजच्या वापराला नको.

ज्याच्या प्रेमात पडलो ते म्हणजे झोनएफएस ही फाइल सिस्टिम, कर्नल ५.६ पासून आहे. यात एक झोन म्हणजे एक फाइल, बस. माउंट केलं की दोन फोल्डर, सीएनव्ही आणि सेक, सेकमध्ये ५१,६३२ फाइल्स, नावं नुसते आकडे. फाइलची साइझ म्हणजेच राइट पॉइंटर कुठवर आलाय ते, त्यामुळे हेक्स वाचायची गरजच नाही, साधं एलएस मारलं की झालं. ट्रंकेट करून साइझ शून्य केली की झोन रिसेट, आणि पूर्ण साइझवर नेली की झोन फिनिश, म्हणजे भरलेला धरला जातो. सेकमधल्या फाइलमध्ये फक्त शेवटाला आणि डायरेक्ट आयओनेच लिहिता येतं, म्हणजे साधं सीपी चालणार नाही, डीडीला डायरेक्टचा फ्लॅग द्यावा लागतो आणि ट्रंकेट करू नको असंही बजावावं लागतं. गैरसोयीचं आहे, मान्य. पण झोन म्हणजे नक्की काय हे मला दहा लेख वाचून नाही तितकं इथे एका संध्याकाळी कळलं. सीएनव्हीमध्ये ५२४ ऐवजी ५२३ फाइल्स दिसल्या तेव्हा पहिल्यांदा वाटलं एक झोन मेला की काय, तर पहिला झोन सुपरब्लॉकला, म्हणजे फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदीला गेलेला असतो.

डीएम-झोन्ड या कर्नलमधल्या थराकडून फार अपेक्षा होत्या. तो वर एक साध्या डिस्कचा मुखवटा चढवतो म्हणजे ईएक्सटी४ सारखी नेहमीची फाइल सिस्टिम सुद्धा चालते, आणि इकडेतिकडे होणारं लिखाण आधी त्या ५२४ साध्या झोनमध्ये झेलून मग मागाहून ओळीने हलवतो. थोड्या कामाला छान. एका दमात खूप ओतलं की ती झेलायची जागा भरते आणि मग डिस्क स्वतःचंच सामान हलवत बसते, माझ्याकडे स्पीड इतका पडला की मी उठून झोपायला गेलो. असंच करायचं होतं तर ड्राइव्ह-मॅनेज्डच घेतली असती ना.

शेवटी टिकली ती बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम, फॉरमॅट करताना झोन्ड फीचर सांगायचं, कर्नल ५.१२ पासून आहे. बॅकअपसाठी मस्त, मोठ्या फाइल्स ओळीने जातात आणि स्पीडला काही तक्रार नाही. एक गोष्ट सवयीची: फाइल डिलीट केली तरी जागा लगेच परत येत नाही, कारण अख्खा झोन मोकळा झाल्याशिवाय रिसेट होत नाही. युसेज बघितलं की 'झोन अनयुजेबल' नावाचा आकडा दिसतो, तो म्हणजे हा अडकलेला पसारा. कर्नल स्वतः साफ करतो पण मी मोठी डिलिटं केली की बॅलन्स (उरलेला डेटा हलवून झोन मोकळे करणारी कमांड) हाताने लावतो. स्वॅपफाइल आणि नोडेटाकाऊ (फाइल जागच्या जागी बदलायचा पर्याय) विसरा.

शेड्यूलरबद्दल, म्हणजे डिस्ककडे जाणाऱ्या लिखाणाचा क्रम लावणाऱ्या भागाबद्दल, सांगायचं राहिलं. जुन्या एसएसडीच्या काळात मी सगळ्या डिस्कना शेड्यूलर 'नन' (म्हणजे काहीच नाही) करणारा युडेव्हचा (डिव्हाइस जोडलं की सेटिंग लावणाऱ्या सेवेचा) नियम टाकून ठेवला होता आणि विसरलो होतो. त्यामुळे लिखाण उलटसुलट क्रमाने डिस्कवर पोचायचं आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'अनअलाइन्ड राइट कमांड'ची रांग. दोन दिवस केबल बदलत बसलो. एमक्यू-डेडलाइन नावाचा शेड्यूलर लावल्यावर एका मिनिटात शांत. कर्नल ६.१० पासून क्रम सांभाळायचं काम ब्लॉक लेयर स्वतःच करतो, तिथे ही डोकेदुखी नाही, पण त्याच्या आधीचा कर्नल असेल तर केबलला शिव्या घालण्याआधी हे बघा.

डिस्कला चार, झोनएफएसला पाच, ब्लकझोनला चार, डीएम-झोन्डला दोन. ब्लकझोन रिसेट मी आता थेट चालवतच नाही, एक छोटी स्क्रिप्ट केलीय, ती झोन नंबर घेते, गुणाकार स्वतः करते, डॅश सी एक लावते आणि आधी त्या झोनची रिपोर्टची ओळ दाखवून 'हो' टाइप करायला लावते. इंग्रजी वाय चालत नाही तिला, मुद्दाम.