मुलाने नाकारलेले पैसे: ‘ब्रेकिंग बॅड’च्या अखेरच्या भागाविषयी

‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकी गुन्हेगारी मालिका २० जानेवारी २००८ रोजी एएमसी वाहिनीवर सुरू झाली आणि पाच पर्वे व ६२ भागांनंतर २९ सप्टेंबर २०१३ रोजी ‘फेलिना’ या भागाने संपली. भारतात ती नेटफ्लिक्सवर पाहायला मिळते. तिच्या शेवटाविषयी चाहत्यांमध्ये त्या रात्री सुरू झालेला वाद अजून शमलेला नाही, आणि अलीकडे मी संपूर्ण मालिका दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा त्या वादात माझी स्वतःची बाजू बदलल्याचे माझ्या लक्षात आले. हे परीक्षण मुख्यतः त्या शेवटाचे आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी आधी ती पाहावी आणि मग पुढे वाचावे, कारण यापुढे काहीही झाकून ठेवणे शक्य नाही.

न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरात वॉल्टर व्हाइट हा पन्नाशीचा शिक्षक रसायनशास्त्र शिकवतो, संसाराला हातभार म्हणून गाड्या धुण्याच्या ठिकाणी काम करतो, आणि एके दिवशी त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळते. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, पत्नी गरोदर आहे आणि हाताशी पैसा नाही. मग जेसी पिंकमन या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून तो मेथ हा अमली पदार्थ बनवू लागतो. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी तो मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज आणि रोजचा खर्च यांचा तोंडी हिशेब मांडतो आणि ७ लाख ३७ हजार डॉलर मिळाले की थांबायचे, असे ठरवतो. पाचव्या पर्वात त्याच्याजवळ सुमारे आठ कोटी डॉलर साठलेले असतात आणि ते त्याने वाळवंटात सात पिंपांत भरून पुरलेले असतात. कुटुंबासाठी म्हणून सुरू केलेले काम या दोन आकड्यांच्या दरम्यान नेमके केव्हा स्वतःसाठी झाले, हे मालिका कोणत्याही एका दृश्यात सांगत नाही, आणि चाहत्यांचा वाद तिथूनच सुरू होतो. कोणी तो क्षण दुसऱ्या पर्वात पाहतात, जेव्हा जेसीची प्रेयसी जेन उलटीने गुदमरत असताना वॉल्ट तिच्या शेजारी उभा राहून तिला मरू देतो. कोणी तो ब्रॉक या लहान मुलावर झालेल्या विषप्रयोगात पाहतात. मला तो बराच आधी दिसतो, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

शेवटाचा विचार करताना अखेरचे तीन भाग एकत्र पाहायला हवेत. साठावा भाग ‘ओझिमँडियस’ हा दूरचित्रवाणीवरील आजवरच्या सर्वोत्तम भागांत गणला जातो आणि ते योग्यच आहे. त्यात वॉल्टचा साडू हँक, जो अमली पदार्थविरोधी खात्यातील अधिकारी आहे, मारला जातो. त्याला वाचवण्यासाठी वॉल्ट आपली सगळी संपत्ती देऊ करतो आणि ती कुचकामी ठरते. त्याच्या सातपैकी सहा पिंपे जॅक नावाच्या गुंडाची टोळी उचलून नेते. आणि घरी पत्नी स्कायलर त्याच्यासमोर सुरी धरते, तर मुलगा फ्लिन आईला पाठीशी घालून बापाविरुद्ध पोलिसांना फोन लावतो. एकसष्टाव्या भागात वॉल्ट न्यू हॅम्पशायरच्या बर्फात एका झोपडीत एकटा कुजत पडलेला आहे. तिथून तो फ्लिनच्या एका मित्राच्या पत्त्यावर त्याला एक लाख डॉलर पाठवू पाहतो, आणि एका बारमधून केलेल्या फोनवर फ्लिन ते नाकारतो. हँककाकाला तू मारलेस, तू अजून जिवंत कसा, मरून का जात नाहीस, अशा अर्थाचे तो ओरडून बोलतो आणि फोन ठेवतो. माझ्या मते संपूर्ण मालिकेचा नैतिक कळस हाच आहे.

आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट लहानपणीच ऐकलेली असते. वाटमारी करणाऱ्या वाल्याला नारद विचारतात की हे पाप तू ज्यांच्यासाठी करतोस ते त्याचे वाटेकरी होतील का. तो घरी जाऊन बायकामुलांना विचारतो आणि त्यांचे उत्तर ‘नाही’ असे येते. त्या एका नकाराने वाल्या जागच्या जागी कोसळतो, आणि पुढचा सगळा बदल त्या कोसळण्यातून होतो. ‘ब्रेकिंग बॅड’च्या लेखकांना ही कथा ठाऊक असण्याचे काही कारण नाही, तरीही वाल्याने खड्यांनी भरलेले सात रांजण आणि वॉल्टने नोटांनी भरलेली सात पिंपे यांचे साम्य लक्षात आल्यावर मी काही वेळ पुढचा भाग लावू शकलो नाही. फ्लिनचा फोन म्हणजे त्या कुटुंबाचे उत्तर आहे. ते इतके स्पष्ट आहे की वॉल्ट स्वतः लगेच अमली पदार्थविरोधी खात्याला फोन करून आपला ठावठिकाणा कळू देतो आणि पोलिसांची वाट पाहत बसतो. त्या बारमधील दूरचित्रवाणीवर मात्र त्याचे जुने भागीदार ग्रेचेन आणि एलियट यांची मुलाखत लागते, त्यांच्या कंपनीत वॉल्टचा वाटा जवळपास नव्हताच असे ती दोघे सांगतात, आणि पोलीस पोहोचेपर्यंत तो निघून गेलेला असतो. मुलाच्या नकाराने जो माणूस हरला होता, तो दुखावलेल्या अभिमानाने पुन्हा उभा राहतो. ‘फेलिना’त घडणारे सर्व काही या अभिमानातून घडते, ही गोष्ट तो भाग पाहताना प्रेक्षक विसरतात, आणि त्याचा दोष काही अंशी त्या भागाच्या मांडणीकडेही जातो.

‘फेलिना’ हा भाग मालिकेचे निर्माते व्हिन्स गिलिगन यांनी स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला. कारागिरी म्हणून त्यात खोट काढणे कठीण आहे. वॉल्ट परत येतो, ग्रेचेन आणि एलियटला धमकावून ९७ लाख २० हजार डॉलर त्यांच्याकडे सोपवतो, मेथच्या धंद्यातील भागीदार लिडिया हिच्या चहात रायसिन हे विष मिसळतो, गॅरेजच्या दाराचे यंत्र जोडलेल्या मशीनगनने जॅकच्या टोळीचा नायनाट करतो, जेसीला सोडवतो आणि अखेर प्रयोगशाळेतील उपकरणांच्या मध्ये, स्वतःच लावलेल्या बंदुकीची गोळी लागून मरतो. एकही धागा सुटा राहत नाही. पहिल्या वेळी मी हा भाग पाहून अत्यंत समाधानाने उठलो होतो. हे सारे मरणाऱ्या माणसाचे स्वप्न असावे, तो बर्फात, परतण्यासाठी चोरलेल्या मोटारीतच गोठून मेला असावा, अशी एक व्याख्या तेव्हा काही समीक्षकांनी मांडली होती. ती मला पटत नाही, पण ती सुचावी हे समजण्यासारखे आहे, कारण ६१ भाग ज्या माणसाचे प्रत्येक नियोजन कोणा निरपराधाच्या अंगावर कोसळत होते, त्याचे शेवटच्या दिवशीचे प्रत्येक नियोजन अचूक ठरते.

चाहत्यांचे दोन तट इथेच पडतात. एका बाजूचे म्हणणे असे की वॉल्ट जिंकला: पैसे मुलांपर्यंत पोहोचण्याची सोय झाली, हँकच्या मारेकऱ्यांना शिक्षा झाली, जेसी मुक्त झाला, आणि मरण त्याला हवे तिथे आले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ज्याच्या घरच्यांना त्याचे नावही नको आहे आणि जो मुलाला दुरून खिडकीतून पाहून निघून जातो, तो कसला जिंकला. मालिका संपल्यावर अल्बुकर्कीच्या दैनिकात चाहत्यांनी वॉल्टर व्हाइटची निधनवार्ता पैसे भरून छापली आणि त्याची प्रतीकात्मक अंत्ययात्राही काढली. पात्रावरचे प्रेम म्हणून ते मला समजते. त्या शहराच्या कथेत ड्रू शार्प नावाचा, वाळवंटात कोळी पकडून बाटलीत ठेवणारा मुलगाही मारला गेला होता, आणि त्याच्यासाठी अशी निधनवार्ता कोणाला सुचली नाही, हेही मला तितकेच बोचते.

माझा आक्षेप या दोन्ही तटांच्या थोडा बाजूला आहे. ग्रेचेन आणि एलियटमार्फत फ्लिनला त्याच्या अठराव्या वाढदिवशी पैसे पोहोचवण्याची योजना चाहते वॉल्टची शेवटची हुशारी म्हणून वाखाणतात. मला ती त्याचा शेवटचा अपराध वाटते. मुलाने बापाचे पैसे पूर्ण शुद्धीवर, सगळे काही जाणून नाकारले होते, आणि त्या घरात ज्याच्याजवळ काहीच उरले नव्हते त्याच्याजवळ हा नकार तेवढा उरला होता. वॉल्ट तो काढून घेतो. तो पैशांवरचे आपले नाव पुसतो, त्यांना परोपकाराचे रूप देतो, आणि मुलाला आयुष्यभर त्याच पैशांवर जगायला लावतो, तेही त्याला कळू न देता. वाल्याच्या बायकोला भाकरी खाऊ घालून, ती कुठून आली हे लपवून ठेवण्यासारखे हे आहे. मग तिने ‘नाही’ म्हटल्याला अर्थ तो काय उरला?

इथे पहिल्या पर्वातील पाचवा भाग आठवतो, आणि मघाशी मी ज्या क्षणाचा उल्लेख केला तोही तिथलाच. वॉल्टने उपचार घ्यावेत म्हणून सगळे कुटुंब दिवाणखान्यात बसले आहे, एक उशी हातोहात फिरते आहे, आणि ज्याच्या हातात उशी असेल त्यानेच बोलायचे असा नियम आहे. वॉल्टची पाळी येते तेव्हा तो म्हणतो की आयुष्यात खरी निवड मला कधी करताच आली नाही, निदान ही तरी मला करू द्या. ते ऐकताना कोणाचेही मन हेलावेल. त्याच भागात ग्रेचेन आणि एलियट त्याच्या उपचाराचा सगळा खर्च उचलायला तयार असतात आणि तो नकार देतो. म्हणजे मुलांसाठी जगण्याचा सरळ, स्वच्छ मार्ग त्याच्यासमोर होता आणि तो त्याने अभिमानापायी सोडला. स्वतःच्या नकाराला इतके जपणारा माणूस अखेरीस त्याच दोघांच्या हातून, बंदुकीचा खोटा धाक दाखवून, मुलाचा नकार मोडून काढतो. गिलिगन यांनी ही दोन टोके जाणीवपूर्वक जुळवली असतील असे मला वाटते. परंतु ‘फेलिना’ ते दृश्य इतक्या गमतीने रंगवतो की त्यातील अन्यायाकडे पाहायला प्रेक्षकाला उसंतच मिळत नाही.

जेसीच्या सुटकेविषयीही अशीच गल्लत होते. वॉल्ट जॅकच्या अड्ड्यावर जेसीला वाचवायला गेला, असे अनेकजण ठामपणे सांगतात. वास्तविक बाजारात अजून त्या दोघांच्या पद्धतीचे निळे मेथ येते आहे हे ऐकून जेसी त्या टोळीचा भागीदार झाला असावा, अशी त्याची समजूत झालेली असते, आणि साखळदंडातला, अंगभर व्रण असलेला जेसी समोर येईपर्यंत ती पालटत नाही. तो त्याला खाली पाडून गोळ्यांपासून वाचवतो हे खरे. पण ‘ओझिमँडियस’मध्ये लपलेल्या जेसीकडे बोट दाखवून त्याला त्या टोळीच्या हवाली करणारा आणि वर जेनच्या मरणाचे सत्य त्याच्या कानात ओतणारा माणूसही तोच होता. जेसीची भूमिका करणाऱ्या ॲरन पॉलने त्या अखेरच्या क्षणी फारच थोडे बोलून फार मोठे काम केले आहे. वॉल्ट त्याला आपल्यावर गोळी झाडायला सांगतो, आणि हे तुला हवे आहे असे तुझ्या तोंडून ऐकू दे म्हणून जेसी अडून बसतो. मग बंदूक टाकून, तूच कर, असे सांगून निघून जातो. वॉल्टला जेसीचा नकार फिरवता येत नाही. त्या भागात मला सर्वांत न्याय्य वाटलेला क्षण तो आहे.

स्कायलरविषयी लिहिणे आवश्यक आहे. प्रसारणाच्या काळात तिच्याविषयी प्रेक्षकांच्या एका वर्गात इतका द्वेष पसरला की तिची भूमिका करणाऱ्या ॲना गन या अभिनेत्रीने ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याविषयी लेख लिहिला, पात्रावरचा राग स्वतः तिच्यावर येऊन पोहोचला होता. नवऱ्याला जाब विचारणारी स्त्री खलनायिका आणि विष बनवणारा नवरा नायक, अशी ज्यांची वाटणी झाली त्यांना मालिकेने कोणताही उपदेश केला नाही. ‘ओझिमँडियस’मध्ये पोलीस ऐकत आहेत हे जाणून वॉल्ट फोनवर स्कायलरला जे घाणेरडे बोलतो ते तिला निर्दोष ठरवण्यासाठीचे सोंग आहे, पण त्यातला शब्द न् शब्द त्या चाहत्यांच्याच तोंडचा वाटतो, आणि तो ऐकून टाळ्या वाजवणारेही निघालेच. गनला २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ दोन वर्षे एमी पुरस्कार मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

तुलनेसाठी याच जगातील ‘बेटर कॉल सॉल’ या मालिकेचा १५ ऑगस्ट २०२२ रोजी आलेला शेवट पाहावा. तिथे सॉल गुडमन हा वकील सात वर्षांच्या शिक्षेवर सरकारशी तडजोड करून घेतो, आणि मग भर न्यायालयात स्वतःच्या तोंडाने सारे कबूल करून ८६ वर्षांची शिक्षा पत्करतो. त्याची कबुली त्याला महागात पडते. तो शेवट कमी थरारक आहे आणि मला तो अधिक प्रामाणिक वाटतो.

तरीही ‘फेलिना’ मी नापास करू शकत नाही, आणि त्याचे कारण स्कायलरच्या स्वयंपाकघरातील ते एक दृश्य आहे. सिगारेट ओढत बसलेल्या स्कायलरला वाटते की हा पुन्हा ‘कुटुंबासाठी केले’ असे सांगणार, आणि वॉल्टची भूमिका करणारा ब्रायन क्रॅन्स्टन अत्यंत थकलेल्या आवाजात सांगतो की हे त्याने स्वतःसाठी केले, त्याला ते आवडत होते, त्यात तो निपुण होता, आणि त्या काळात तो खऱ्या अर्थाने जिवंत होता. पाच पर्वे ज्या वाक्याची वाट पाहिली ते हेच. दुसऱ्यांदा पाहताना मात्र त्याच संभाषणातील एक दुसरे वाक्य माझ्या कानात अडकले: उरलेला पैसा इथवर येण्यातच संपला, असे तो तिला सांगतो. म्हणजे त्या कबुलीच्या क्षणीसुद्धा एक खोटे आहे, आणि ते नेमके त्याच गोष्टीविषयी आहे जी तिच्या मुलाने नाकारली होती. जे तो तिला उघडपणे देतो ते फक्त लॉटरीचे एक तिकीट आहे. त्यावरचे आकडे एकेकाळी पिंपे कुठे पुरली आहेत हे सांगत होते, आणि आता त्याच जागी हँक आणि त्याचा सहकारी गोमेझ पुरलेले आहेत.