नॅनो रेझिनच्या नावाखाली काजळी विकतायत, होडीवाल्यांनो सावध

एक लाख एकसष्ट हजार दोनशे रुपये गेले माझे. हिशोब आधी सांगतो, कारण नंतर प्रत्येक जण तोच विचारतो. १८० किलो 'कार्बन नॅनोट्यूब रेझिन', म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कार्बनच्या नळ्या घातलेलं फायबरचं रेझिन, ६४० रुपये किलोने, म्हणजे १,१५,२००, त्यातले ६०,००० यूपीआयने आणि ५५,२०० रोख. 'अलाइनमेंट किट', म्हणजे नळ्या एका रांगेत आणायचं सामान, ३८,५००. 'ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट' ७,५००. बिल कच्चं, जीएसटी नंबर नाही.

आमचं फायबरच्या होड्यांचं काम, खाडीकाठी छोटी शेड, मी आणि दोन पोरं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढ्यात सगळ्यांना होडी दुरुस्त करून हवी असते आणि नारळी पौर्णिमेआधी ताब्यात हवी असते. हे रेझिन विकणारा माणूस बरोबर त्याच वेळी आला. आणि तो काही उगाच बडबडणारा नव्हता, त्याने सांगितलेलं बरंच खरं होतं, मी नंतर तपासलंय. १९९१ साली इजिमा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाच्या लेखानंतर या नळ्यांची जगभर चर्चा झाली हे खरं, वजनाच्या मानाने त्या पोलादापेक्षा कितीतरी मजबूत हेही खरं, रेझिनमध्ये एक टक्क्याहून कमी घातल्या तरी त्यातून वीज वाहायला लागते हेही खरं. खऱ्याच्या मध्ये खोटं घुसडलं की आमच्यासारख्या हाताने काम करणाऱ्याने कुठे पकडायचं, सांगा?

डेमोला काळी प्लेट आणली होती. वीज वाहते का ते दाखवणाऱ्या मीटरच्या पिना लांबीच्या दिशेने टेकवल्या की बीप, रुंदीच्या दिशेने टेकवल्या की गप्प. "बघा दादा, नळ्या सगळ्या एका रांगेत आहेत." प्लेट माझ्याकडेच राहिली. सगळं झाल्यावर मी तिच्यावर पॉलिश पेपर मारला तर बीप कुठल्याच दिशेने येईना, वर नुसते ग्रॅफाइटचे पट्टे ओढलेले. तुम्हाला कोणी अशी प्लेट दाखवली तर आधी त्याच्यासमोर घासा, नाहीतर करवतीने कापा आणि कापलेल्या कडेवर मीटर लावा.

पण मला खरी आग लागते ती डबा उघडला त्या दिवसाची. पातळ होतं ते. अगदी नेहमीच्या रेझिनसारखं रोलरवरून ओघळत होतं, काचेच्या धाग्यांची मॅट पटकन भिजत होती, आणि डब्याच्या बुडाशी काळा थर बसलेला. पोरगा म्हणालासुद्धा, "दादा, हे तर साधंच वाटतंय." दोन टक्के नळ्या आहेत म्हणून सांगितलं होतं, आणि दोन टक्के नळ्या खरंच नीट पसरल्या असत्या तर रेझिन वंगणासारखं घट्ट झालं असतं, रोलर फिरला नसता. या नळ्या एकमेकींना इतक्या चिकटून राहतात की त्या सोडवायला तीन रोलरची गिरणी लागते नाहीतर अल्ट्रासॉनिक मशीन, आणि ते जास्त वेळ चालवलं तर नळ्याच तुटतात. काठीने ढवळून ते होत नाही. मी तिथल्या तिथे त्याला फोन केला होता! तो म्हणाला, "नॅनो आहे म्हणूनच पातळ, बुडाचं ढवळून घ्या." मी विचारलं होतं, हे लक्षात घ्या. ज्याची होडी तो तांडेल दारात उभा, पाऊस डोक्यावर, रेझिन घट्ट करणारा हार्डनर घातलेला. अशा वेळी काम कोण थांबवतो?

किट म्हणजे साच्याखाली लावायच्या चुंबकाच्या पट्ट्या. नुसत्या नळ्या चुंबकाने वळवायच्या तर प्रयोगशाळेतलं कित्येक टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या जोराचं माप) चुंबक लागतं, दुसरा मार्ग विजेच्या क्षेत्राचा, आणि दोन्हीत रेझिन घट्ट होईपर्यंत ते सतत चालू ठेवावं लागतं. म्हणजे 'डब्यातच अलाइन केलेला माल' ही गोष्टच होऊ शकत नाही, डबा हलवला की रांग मोडली. ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी तुमचे पैसे वाचतील.

त्याच रेझिनने केलेल्या तांडेलच्या होडीला कण्याजवळ तडा गेला, ट्रायललाच गेला म्हणून माणसं वाचली. तडा गेला तिथे काळ्या गुठळ्या, ताण तिथेच साचतो. ओळखीच्या पोराने तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघून आणला. नळ्या असत्या तर दोऱ्यांचा गुंता दिसला असता, दिसले नुसते गोल दाण्यांचे घोस. कार्बन ब्लॅक म्हणजे काजळी, टायरमध्ये घालतात ती. तांडेल म्हणाला, "माका नॅनो-बिनो कायएक कळना नाय, माका होडी व्हयी." त्याचं बरोबरच आहे.

आता पोलीस. ठाण्यात पहिलं वाक्य, "माल मिळाला ना? मग दिवाणी मॅटर आहे." मी म्हटलं, सांगितला एक आणि दिला दुसरा, ही फसवणूक नाही तर काय? साहेबांनी नॅनोट्यूब म्हणजे पाइप का असं विचारलं, अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. सायबरवाले म्हणाले तुम्ही स्वतःच्या मर्जीने पैसे पाठवलेत. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितलं, धंद्यासाठी घेतलंत म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. अरे, स्वतःच्या हाताने काम करून पोट भरणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच सूट आहे, ते मला एका वकिलाकडून कळलं, खिडकीतल्या माणसाला माहीत नको? तो पगार कशाचा घेतो? प्रत्येक ठिकाणी झेरॉक्स, प्रत्येक ठिकाणी 'उद्या या', आणि तोवर तो माणूस पुढच्या बंदरात तीच प्लेट घेऊन फिरतोय, नंबर चालू आहे त्याचा.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर लेखी तक्रार पोस्टाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ च्या पोटकलम ४ मध्ये ती सोय आहे, फसवणुकीचं कलम न्याय संहितेतलं ३१८. मी रजिस्टरने पाठवलंय. रोख देऊ नका, माझ्या ५५,२०० चा कागदच नाही. आणि "मास्कची गरज नाही" म्हणणाऱ्याला तर शेडमध्येच घेऊ नका, माल खरा असला तरी. या नळ्यांच्या एका प्रकाराला २०१४ सालीच कर्करोगाच्या संशयित यादीत टाकलंय आणि आमची पोरं उघड्या तोंडाने घासत होती.

त्याच्याकडून घेतलेला डबा कोणाकडे शिल्लक असेल तर फेकू नका, ढवळू नका, बुडाच्या थरासकट फोटो काढा आणि झाकण लावून ठेवा. पाच-सहा जणांची तक्रार एकत्र गेली तर दिवाणी मॅटर म्हणून परत पाठवणं त्यांना जड जाईल.