फेंडरला टेप लावून विकलेली चार इंच उंची

जुनी मारुती जिप्सी किंवा महिंद्राची जीप ‘उचलून देतो’, म्हणजे तिची उंची वाढवून देतो, म्हणणारा माणूस टेप कुठून कुठपर्यंत लावतो, तेवढं नीट बघितलं तरी निम्मी फसवणूक जागीच उघडी पडते. माझ्या जिप्सीला त्याने जमिनीपासून फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेपर्यंत टेप लावली, कामाआधी एकदा आणि कामानंतर एकदा. फरक भरला चार इंचांच्या किंचित वर. ‘बघा मालक, बोललो तेवढं दिलं का नाही?’ असं म्हणून त्याने चार इंची सस्पेन्शन लिफ्टचे पैसे लावले. या चारातले सव्वादोन इंचांहून जास्त नव्या टायरमुळे वाढलेले होते, आणि टायरचे पैसे त्याने वेगळे घेतले होते. म्हणजे एकाच उंचीचे दोनदा पैसे.

हिशेब अवघड नाही, कागदावर मांडा. जिप्सी किंगला कंपनीचा टायर २०५/७० आर १५ मापाचा. २०५ ही टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. ७० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे साधारण १४३ मिमी. वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळून २८७. मधली रिम १५ इंची, म्हणजे ३८१ मिमी. एकूण व्यास ६६८. त्याने बसवला ३१ बाय १०.५ आर १५. या मापात पहिलाच आकडा व्यासाचा असतो, ३१ इंच म्हणजे ७८७ मिमी. फरक ११९ मिमी, आणि एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, वर जातो त्याच्या निम्म्याने, म्हणजे ६० मिमीने. हे झाले तुमचे सव्वादोन इंच आणि वर थोडं.

लिफ्ट मोजायची ती चाकाच्या हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत. टायर कुठलाही लावा, हे माप हलत नाही. पाट्यांनी (स्प्रिंगच्या पट्ट्यांनी) आणि शॅकलने (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीने) बॉडी किती उचलली तेवढंच त्यात दिसतं. सोलापुरात विजापूर रोडला एका ओळखीच्यांची जिप्सी आहे, कुणी हात न लावलेली. तिच्याशेजारी माझी उभी करून दोन्हींचं हे माप घेतलं, तर माझी दोन इंचसुद्धा जास्त भरेना.

गाडी २००८ ची. शेत मंद्रूपच्या पुढे, रान काळं. उजव्या बाजूचे पाटे बसले होते आणि टायर संपले होते. मी त्याच्याकडे गेलो तो पाटे बदलायला आणि कंपनीच्या मापापेक्षा थोडा मोठा टायर घालायला. एवढंच काम होतं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, ‘एवढा खर्च करताय, मग ३१ च टाका की. परत परत कोण करत बसतंय?’ माझ्या गाडीला ३१ का, तर त्याच्याकडे ३१ चा सेट पडून होता. हे अर्थातच मागाहून कळलं. आधी टायर विकायचा आणि मग त्या टायरसाठी गाडी बदलायची, अशी त्याच्या धंद्याची रीत.

यातली गोम अशी की एक वस्तू घेतली की पुढची घ्यावीच लागते. ३१ चा टायर रुंद, पूर्ण स्टेअरिंग वळवलं की आतून पाट्याला घासतो. म्हणून स्पेसर, म्हणजे चाक बाहेर काढायला त्याच्यामागे घालायची जाड चकती. स्पेसरने चाक बाहेर आलं, आता ते फेंडरला घासतं. म्हणून फेंडर कापायचा. कापूनही खड्ड्यात टायर वर लागतो, म्हणून लिफ्ट. लिफ्ट केल्यावर गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलला, गाडी पन्नासच्या पुढे गेली की खालून घरघर. म्हणून गिअरबॉक्सखालचं क्रॉसमेंबर खाली घ्यायचं. एवढं झाल्यावर गाडी चढाला दम खायला लागली, तर ‘डिफरन्शियलची गरारी बदलून देतो, ओळखीतून मिळते’. त्या पायरीवर मी थांबलो. माझ्या आधीचे एक-दोघे तिथेही थांबले नव्हते.

दम खाण्याचं कारण त्याने ‘इंजिन जुनं झालं’ असं सांगितलं. खरं कारण ७८७ भागिले ६६८. प्रत्येक गिअर १८ टक्क्यांनी लांब झाला. १३०० सीसीचं पेट्रोल इंजिन पाचव्या गिअरमध्ये वारं समोरून असलं तरी रडायला लागतं. तुळजापूरच्या चढावर चौथासुद्धा टाकवत नव्हता. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ७१ ने पळत असते. ब्रेक मात्र तेच, आणि थांबवायचं चाक मोठं नि जड. गाडीचं अख्खं वजन जेमतेम टनभर, तिला ही चाकं म्हणजे नुसता भार.

‘गाडी उचलली की डिफरन्शियल दगडाला लागत नाही,’ हे वाक्य सोलापुरातच नाही, सगळीकडे ऐकू येतं. जीप आणि जिप्सीसारख्या सलग एक्सलच्या गाडीत ते खोटं आहे. लिफ्टने चेसिस आणि बॉडी वर जाते. डिफरन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा, एक्सलवर असतं आणि एक्सल चाकावर, त्यामुळे तो गोळा जमिनीपासून वर जातो तो फक्त टायरने. लिफ्टचा उपयोग दोन गोष्टींना: मोठ्या टायरला वर जागा मिळते, आणि बंधाऱ्यावरून उतरताना पोट किंवा बंपर टेकत नाही. बॉडी आणि चेसिसच्या मध्ये गुटके घालून जी बॉडी लिफ्ट करतात, तिच्याने तर चेसिससुद्धा वर जात नाही. म्हणून आधी टायरचं माप ठरवा. तो टायर घासत असेल तर, घासणं थांबेल तेवढीच लिफ्ट. ज्याला उलट्या क्रमाने विकायचंय तो उंचीपासून सुरुवात करतो, कारण उंची डोळ्याला दिसते.

आता त्या ‘लिफ्ट किट’मध्ये नेमकं काय होतं ते सांगतो. मला सांगितलं होतं की चारही पाटे नवे, तयार किटमधले. कमान-पाट्याचं काम करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गाडी नेली. त्याने खाली वाकून नुसतं बघितलं आणि विचारलं, ‘हे कुणी केलं?’ मग यू-बोल्ट सोडून पाटे सुटे केले. मेन पाटे माझेच, जुनेच, वरून काळा रंग मारलेले. त्यांच्याखाली दुसऱ्याच कुठल्या गाडीचा एकेक जादा पाटा घुसवलेला, रुंदी जुळावी म्हणून कडा ग्राइंडरने घासलेल्या. दोन पाट्यांवर गॅसने तापवल्याचे निळसर डाग. पाट्याचं पोलाद कारखान्यात ठरावीक उष्णतेने तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून तयार होतं. गॅसच्या ज्योतीने एका जागी लाल करून वाकवलं की त्या जागची लवचिकता गेली. कमान आज दिसते, उसाच्या चार मोळ्या टाकल्या की बसते, नाहीतर तिथूनच तुटते. त्या कारागिराचं म्हणणं, बसली तर नशीब म्हणायचं.

राहिलेली उंची लांब शॅकलची. जाड पट्टी गॅसने कापून, भोकं पाडून केलेले चार शॅकल, जोडपट्टीसुद्धा नाही. शॅकल दोन इंच लांब केला तर बॉडी उचलली जाते एकच इंच, कारण पाट्याचं दुसरं टोक जागच्या जागी असतं. आणि पुढच्या शॅकलने आणखी एक घोळ होतो. जिप्सीचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांबवला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सल पुढच्या बाजूला कलंडतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं, त्या किंगपिनचा मागे झुकलेला कोन. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं ते त्याच्यामुळे. तो गेला की गाडी सरळ रस्त्यावर पोहायला लागते. हैदराबाद रोडला शेजारून उसाचा ट्रक गेला की माझी गाडी त्याच्या अंगावर ओढली जायची. तक्रार केली तर उत्तर मिळालं, ‘मोठा टायर आहे मालक, सवय होईल.’ पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचर घालून हा कोन परत आणता येतो, पण ते करायला आधी कोन मोजावा लागतो. त्याच्याकडे ते मापच नव्हतं.

सगळ्यात वाईट गोष्ट ब्रेकच्या होजची. कारागिराने जॅक एक्सलखाली न लावता चेसिसखाली लावला आणि पुढची चाकं लोंबकळू दिली. रबरी होज वायरसारखा ताणला गेला. म्हणजे एखाद्या खड्ड्यात चाक पूर्ण खाली गेलं असतं तर ब्रेक ऑइल रस्त्यावर. ज्यांनी कुणी लिफ्ट करून घेतली आहे त्यांनी ही एक गोष्ट आजच बघावी. पाच मिनिटांचं काम आहे.

टायरकडे येतो. ‘इम्पोर्टेड, न वापरलेले, बंद पडलेल्या शोरूमचा माल’ असं सांगून दिलेले. दिसायला काळेभोर, खाचा खोल. पहिलं पंक्चर झालं तेव्हा पंक्चरवाल्या चाचांनी टायर रिमवरून काढला, आतली बाजू वर केली आणि मला हाक मारली. ‘साहेब, तारीख आतल्या अंगाला का बसवली?’

टायरवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनंतर एक लांबलचक क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३१२ असेल तर २०१२ सालचा तेविसावा आठवडा. हा पूर्ण क्रमांक एकाच बाजूच्या भिंतीवर असला तरी चालतो, दुसऱ्या बाजूला बहुतेकदा अर्धवट असतो. त्यामुळे बसवणाऱ्याने तारखेची बाजू आत टाकली की गाडी उभी असताना तुम्हाला ती दिसतच नाही. मी सगळी चाकं उतरवून बघितली. पाच टायरांवर तीन वेगवेगळी सालं, सगळ्यात नवा टायरही दहा वर्षांपुढचा. एकावर तारीख नव्हतीच. तिथे ग्राइंडर फिरवून अंगठ्याएवढी जागा गुळगुळीत केलेली. खाचांच्या बुडाशी बारीक भेगा होत्या, वरून टायर पॉलिशचा थर. नख रोवून बघितलं तर रबर कडक भाकरीसारखं. खाच खोल असणं म्हणजे टायर नवा असणं नव्हे. न वापरताही रबर म्हातारं होतं, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर लवकर.

आणखी एक खूण, जी टायर बसवण्याआधीच दिसते. भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या टायरवर आयएसआय मार्क लागतो. कारच्या टायरला मानक आयएस १५६३३. परदेशातून रीतसर आलेल्या टायरवरही तो असतो. माझ्या पाचातल्या एकावरही नव्हता. तेव्हा ‘इम्पोर्टेड आहे म्हणून मार्क नाही’ हे उत्तर ऐकलं की तिथून निघा.

कागदाचं विचारलं तेव्हा ‘आरटीओचं आपण बघतो’ म्हणाला होता. काही बघत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवर नोंदलेल्या कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. कलम १८२अ खाली दंड आहे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ते गाडीमालकाला. गॅरेजवाला त्या चित्रात कुठेच नाही. अपघात झाला तर विमा कंपनीही पहिलं बोट त्या बदलांवरच ठेवणार. एमएच-१३ ची, म्हणजे सोलापूर पासिंगची, आरटीओ तपासणीला गेलेली कापलेल्या फेंडरची गाडी परत आणणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

पावती त्याने चिठ्ठीवर दिली होती, ‘लिफ्ट + टायर सेट’, ना नाव ना जीएसटी क्रमांक. पण निम्म्याहून जास्त रक्कम यूपीआयने गेली होती आणि टायरचं माप, किटचं वर्णन, ‘ब्रँड न्यू’ हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिखित होतं. तेच कामाला आलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलाची नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, हे नोटिशीत लिहिल्यावर त्याचा सूर बदलला. टायर परत घेऊन त्यांचे पैसे दिले. लिफ्टचे द्यायला तो अजून तयार नाही, ‘मजुरी लागली की’ म्हणतो. त्याची तक्रार मी दाखल करतोय.

गाडीत आता कंपनीच्या मापाचे नवे पाटे आहेत, जुनेच शॅकल, आणि २१५/७५ आर १५ टायर. व्यास ७०३ मिमी, एक्सल १८ मिमी वर, वेगात फरक पाच टक्के. कुठे घासत नाही, या टायरसाठी काही कापावं लागलं नाही. परतीच्या पावसात मंद्रूपच्या काळ्या रानात ती रुततेच, आणि तिथे ३१ पण रुतला होता. ओल्या काळ्या मातीने खाचा भरल्या की कुठलाही टायर गुळगुळीतच. त्या दिवसांत गाडी डांबरीवर ठेवून चालत जायचं, हे आमच्याकडे पूर्वीपासून सगळे करत आले आहेत.

परत केलेला तो सेट मात्र पुन्हा विक्रीला आला आहे. जुन्या जीपवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात फोटो पडले, ‘३१ मड टेरेन, पाच नग, नॉट युज्ड, सोलापूर’. फोटो सगळे बाहेरच्या बाजूचे आहेत. कुणी बघायला जाणार असाल तर टायर उलटा करायला सांगा, एकावर अंगठ्याएवढी घासलेली जागा सापडेल.